अर्धा घोडा

जिन्याखालच्या खड्ड्यात आमचा अर्धा घोडा राहतो.
पाटीवर तसंच लिहिलंय, अर्धा एचपी.
आणला त्याच दिवशी सासऱ्यांनी नाव ठेवलं.
अर्धाच का, विचारलं तर म्हणत,
"पुरा घोडा सरकारवाड्यात. शिर्क्यांना एवढा पुष्कळ."

वैशाखात तळघर खडखडीत कोरडं असताना
मी खाली उतरते.
हसमुखभाई मोटारवाले बजावून गेलेत,
"बेन, वरसाद आवे त्यारे फोन ना करता.
त्यारे तो आखुं वडोदरा फोन करे छे."

आधी प्लग काढायचा.
हे मी मोठ्यानं म्हणते, एकटी असले तरी.
मग दोरीनं वर घ्यायचा, केबलनं नाही.
केबल धरून ओढलेला पंप
शेंडी धरून उचललेल्या पोरासारखा,
येतो, पण मनात ठेवतो.

जाळी उलटी केली की वर्षाचा ऐवज पडतो:
गाळ, दोन झुरळं, मांज्याचा गुंता
(उत्तरायण होऊन चार महिने झाले,
पण या गावात मांजा कुठूनही निघतो),
एक निळं बटण. कुणाचं, कळत नाही.
पंखा बोटानं फिरवून बघते.
अडला तर जुना टूथब्रश, आणि धीर.

मग फ्लोट. खरा मालक तो.
पाणी चढलं की तो चढतो,
तो चढला की घोडा उठतो.

त्या साली तो चढलाच नाही.
केबलच्या वेटोळ्यात अडकून
भिंतीला गाल लावून पडून राहिला,
आणि घोडा पाण्याखाली उभा, धडधाकट,
कुणी ऊठ म्हणायची वाट बघत.

वर सोसायटीच्या फाटकाशी मगर आली होती,
सगळे तिचे फोटो काढत होते.
खाली शिर्के फोटो स्टुडिओच्या
चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह
पाकिटांतून बाहेर येत होत्या.
दांडिया बाजारातली निम्मी लग्नं:
नवऱ्यांचे केस पांढरे,
मुंडावळ्यांचे मोती काळे.
बोट लावलं की चेहरा बोटाला येई.

सासरे तीन दिवस टेबलफॅनसमोर बसले.
दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी,
जे उरलं ते वाळवत.
एकदाच विचारलं, "फ्लोट कुणी हलवला होता?"

लोणच्याची बरणी ठेवायला
मीच उतरले होते ज्येष्ठात.
केबल पायात आली, पायानंच सारली.
मी पोळ्या लाटत राहिले.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही,
आणि आता विचारायला ते नाहीत.

व्हॉल्व्हवरचा बाण वर हवा.
एकदा मी उलटा बसवला,
घोडा तासभर गुरगुरला, थेंब हलला नाही.
सरळ बसवला तर सगळं पाणी
शेजारी दक्षाबेनच्या तुळशीत.
बाल्कनीतून त्या कडाडल्या,
"तमारुं पाणी तमे राखो!"
बरोबरच होतं.
आपल्या घरातून गेलेलं पाणी
जगातून जात नाही.
आता पाइप दोघींच्या भिंतीलगत
रस्त्याच्या गटारापर्यंत नेलाय, खर्च निम्मा निम्मा.
गटारच तुंबलं तर दोघींचेही पाय ओले,
ते ठरलेलंच.

तळघरात आता काही नाही.
रिकामी कपाटं, एक कोठी, तिच्यात गहूसुद्धा नाहीत.
पोरगी म्हणते, आई, वाचवतेस काय?

मी बादली ओतते.
एक.
दुसरी.
तिसरीला फ्लोट डुलतो, तिरका होतो,
आणि खड्ड्यातून ती घरघर
तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढते.
बाहेर पाइपच्या तोंडाशी
साडी वर खोचून दक्षाबेन उभ्या असतात.
"आव्युं?" मी खालून ओरडते.
थोडा वेळ काहीच नाही.
मग, "आव्युं, आव्युं! डोळुं आवे छे, हजी चलाव!"

मी चौथी बादली भरायला घेते.